दोन वर्षांच्या मुलीचे दूध, गहू, अंडे सगळे एकदम बंद केले आहे. आता परत सुरू कसे करावे?

लेकुरवाळी (ठाणे)

नमस्कार. माझी मुलगी २ वर्षे ४ महिन्यांची आहे. गेले चार-पाच महिने तिला दिवसातून पाच वेळा पातळ शी होत होती आणि शीमध्ये गाजराचे व मटकीचे तुकडे जसेच्या तसे दिसत असत. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत लाल, कोरडे चट्टे आले असून झोपेतही ती ते खाजवत असे. ताप, उलटी किंवा शीतून रक्त असे काही कधी झाले नाही आणि दिवसभर तिचे खेळणे-बागडणे नेहमीसारखेच होते.

ओळखीच्या एका बाईंनी सुचवल्यावरून आम्ही एका प्रयोगशाळेतून ९० खाद्यपदार्थांची रक्ततपासणी करून घेतली. अहवालात २३ पदार्थ लाल रंगात आले. त्यांत दूध, दही, गहू, अंड्याचा पांढरा भाग, शेंगदाणा, तूर, केळे आणि टोमॅटो ही मुख्य नावे. सोबतच्या पत्रकावर हे सर्व पदार्थ सहा महिने वर्ज्य करावेत असे छापलेले होते, म्हणून पाच आठवड्यांपूर्वी आम्ही सगळेच थांबवले. पाळणाघरात तिला रोज दोन वेळा मिश्र फळांच्या रसाचे खोके मिळत असे. त्यात केळे असते म्हणून तेही बंद केले. सध्या ती मऊ भात, मुगाचे वरण, बटाटा, भोपळा, वाफवलेले सफरचंद आणि तांदळाची भाकरी एवढ्यावर आहे. याच काळात त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेले मलम आणि आंघोळीनंतर लावायचे क्रीम सुरू झाले.

शी आता दिवसातून दोन-तीन वेळांवर आली आहे आणि चट्टे फिके झाले आहेत. मात्र वजन ११.२ किलोवरून १०.८ वर आले आहे. पोळ्या भाजायला घेतल्या की ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते, आणि सासूबाईंना ते पाहवत नाही. पुढे किती दिवस हे पथ्य पाळायचे आणि कोणत्या क्रमाने पदार्थ परत द्यायचे, हे कुणी अनुभवी सांगेल का?

अंड्याबद्दल सांगायचे राहिले. ती दीड वर्षाची असताना दिरांच्या घरी ऑम्लेटचे दोन घास खाल्ल्यावर दहा मिनिटांत तिच्या तोंडाभोवती गांधी उठल्या आणि वरचा ओठ सुजला. दोन तासांत सगळे उतरले, म्हणून आम्ही ते फार मनावर घेतले नाही, पण तेव्हापासून अंडे दिलेले नाही. सुरुवात त्यापासूनच करावी आणि येत्या रविवारी अर्धे उकडलेले अंडे देऊन पाहावे, असा विचार आहे.

पोळपाट (पुणे)

ताई, बाकी सगळे नंतर वाचा. रविवारचे अंडे आधी रद्द करा. त्यामागचे कारण इथले जाणकार माझ्यापेक्षा नीट सांगतील. मी डॉक्टर नाही. पण या पथ्याच्या वाटेने एकदा गेलेली आहे, म्हणून लिहिते.

माझा मुलगा पाच महिन्यांचा, केवळ अंगावर पिणारा असताना त्याच्या शीत रक्ताचे बारीक धागे दिसू लागले. बालरोगतज्ज्ञांनी मला माझ्याच आहारातून दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ चार आठवडे काढायला सांगितले, अंगावर पाजणे मुळीच थांबवू नका असे बजावले आणि मला कॅल्शियमच्या व ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. दुसरा आठवडा संपता संपता शी स्वच्छ होऊ लागली. आम्ही हुश्श म्हणतो न म्हणतो तोच पाचव्या आठवड्यात त्यांनी मला पुन्हा दूध प्यायला लावले. मला मनस्वी राग आला. सगळे सुरळीत असताना हा उपद्व्याप कशासाठी, असे मी नवऱ्याला घरी येऊन ऐकवलेही. तिसऱ्या दिवशी धागे परत दिसले. तोपर्यंत त्यांच्या फाइलवर ‘दुधाचे वावडे’ या शब्दांपुढे पेन्सिलीने काढलेले प्रश्नचिन्ह होते. त्या दिवशी त्यांनी ते खोडले. पदार्थ काढल्यावर बरे वाटणे हा अर्धाच पुरावा असतो, कारण मुले आपल्या आपणही बरी होतात. पदार्थ परत दिल्यावर त्रासही परत यावा लागतो, असे त्यांनी तेव्हा समजावले. तुमच्याकडे २३ पदार्थ एकदम निघाले आहेत, त्यामुळे फरक कशाने पडला हे आज ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आता रोजच्या नोंदींच्या वहीविषयी. मी साध्या दोनशे पानी वहीत वेळ, पदार्थ, शी, झोप, त्वचा असे रकाने आखले होते आणि त्यांत ‘कुणी भरवले’ हा एक जास्तीचा रकाना होता. माझा मुलगा वर्षाचा झाल्यावर पथ्य चालू असतानाच मधूनच त्याचे पोट बिघडे. वही चाळताना लक्षात आले की बिघाड बहुतेक वेळा शुक्रवारी असतो. गुरुवारी सासरे त्याला दत्ताच्या देवळात नेत आणि तिथे चिमूटभर पेढा त्याच्या तोंडात जाई. प्रसादाने काय होणार, असे त्यांना मनापासून वाटे. तेव्हा घरातल्या प्रत्येकाला, पाळणाघरातल्या ताईंना आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही पथ्य नीट समजावून सांगितल्याखेरीज ते सुरूच करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

दुसरे असे, की आपल्या स्वयंपाकात पदार्थ कुठे लपलेला असेल याचा पत्ता लागत नाही. तुम्ही गहू बंद केल्याचे लिहिले आहे. मुगाच्या वरणाला फोडणी देता ना? डबीतल्या हिंगाच्या पुडीत बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो आणि तसे डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरी गहू भाजून घालतात. दाण्याचे कूट तर आपण कोशिंबिरीपासून पालेभाजीपर्यंत सगळीकडे न मोजता घालतो. पाकीटबंद पदार्थांचे त्या मानाने सोपे आहे: गव्हासारखी ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व इतर कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांचा उल्लेख वेष्टनावर करणे आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. अडचण होते ती घरच्या डब्यांची, कारण त्यांवर काहीच लिहिलेले नसते.

माणदेशी (सातारा)

एवढे सगळे करण्यापेक्षा शेळीचे दूध द्यावे. आमच्याकडे गाईचे किंवा म्हशीचे दूध बाधणाऱ्या लेकरांना पूर्वीपासून तेच देत आले आहेत. ते मिळत नसेल तर देशी गाईचे ए-टू दूध मिळते. माझ्या पुतण्याला त्याचा गुण आला.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ

मी ३० वर्षांहून अधिक काळ लहान मुले तपासली. मुलीला न पाहता निदान करता येत नाही, त्यामुळे पुढील मजकूर तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावा एवढ्याचसाठी समजावा.

प्रथम अंडे. खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांच्या आत गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी होणे, आवाज बसणे किंवा श्वासात घरघर येणे ही तत्काळ उमटणाऱ्या अ‍ॅलर्जीची लक्षणे आहेत. ती आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे होते. अशा मुलाला तो पदार्थ पुन्हा देऊन पाहण्याची जागा रुग्णालय ही आहे, कारण पुढची प्रतिक्रिया पहिल्याइतकीच सौम्य असेल याची हमी देता येत नाही आणि गंभीर प्रतिक्रियेत काही मिनिटांत अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. तुम्ही सर्वांत शेवटी, जाता जाता लिहिलेली ही घटना तुमच्या संपूर्ण मजकुरातील सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. बालरोगतज्ज्ञांना ती पहिल्या वाक्यात सांगा.

आता तो अहवाल. नव्वद पदार्थांच्या अशा पटात बहुतेक वेळा आयजीजी प्रतिपिंडे मोजलेली असतात; कागदावर पाहून घ्या. आयजीजी प्रतिपिंडे पदार्थ नियमित खाल्ल्याने कोणाच्याही रक्तात तयार होतात आणि त्यांचा एक उपप्रकार तर शरीराने तो पदार्थ स्वीकारल्याचे लक्षण मानला जातो. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली आणि कॅनडातील संघटनेने २०१२ साली, अन्नाचे वावडे ओळखण्यासाठी ही तपासणी वापरू नये असे स्पष्ट सांगितले आहे. दूध, दही, गहू, तूर, केळे, शेंगदाणा, टोमॅटो: ही तर मराठी घरातल्या कोणत्याही फडताळाची यादी झाली. मुलगी जे रोज खात होती तेच लाल रंगात छापून आले आहे.

गव्हाबाबत तुमच्याकडून जे घडले ते अनेक घरांत घडते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. लांबलेले जुलाब आणि वजन न वाढणे यामागे सिलिअ‍ॅक हा आजार असू शकतो. त्यात गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराची हानी होते आणि हे पथ्य जन्मभराचे असते. त्यासाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करतात आणि सोबत रक्तातील आयजीए या प्रतिपिंडाचे एकूण प्रमाणही मोजतात, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी फसवी ठरते. परंतु ही तपासणी मूल गहू खात असतानाच करायची असते. गहू थांबवल्यावर प्रतिपिंडे ओसरतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणजेच गहू बंद करण्याआधी जी तपासणी व्हायला हवी होती ती राहून गेली आहे, आणि आता तिच्यासाठी साधारण सहा आठवडे रोज एकाहून अधिक वेळा गव्हाचा पदार्थ द्यावा लागेल. सासूबाईंना हे जरूर कळवा. त्यांना आनंद होईल.

दूध. इथे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणे ही अ‍ॅलर्जी नव्हे. एवढ्या लहान वयात ते सहसा मोठ्या जुलाबाच्या आजारानंतर तात्पुरते उद्भवते आणि काही आठवड्यांत आपोआप सुधारते. दुधातील प्रथिनांचे वावडे निराळे, आणि त्यात माणदेशी यांनी सुचवलेला उपाय चालत नाही. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातील प्रथिने इतकी सारखी आहेत की एकाचे वावडे असणाऱ्या बहुतेक मुलांना दुसरेही बाधते, आणि ए-टू दुधात केवळ एका प्रथिनाचा प्रकार वेगळा असतो, इतर सर्व प्रथिने असतातच. पुतण्याला गुण आला असेल तर त्याला प्रथिनांचे वावडे नसावे, असा माझा तर्क आहे.

खरोखर निवारक आहार द्यायचा झाला, तर संशयाला जागा आहे असा एक, फार तर दोन पदार्थ दोन ते चार आठवडे काढायचे, बंद करतानाच परत देण्याची तारीख कॅलेंडरवर लिहायची, आणि तोवर मलम, औषध, पाळणाघर यांत नवा बदल करायचा नाही. चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर त्या पदार्थाची निर्दोष सुटका झाली असे समजून तो ताटात परत आणायचा. फरक पडला, तरी तो परत द्यायचाच, म्हणजे खरे-खोटे कळते. मात्र इसब (तुमच्या मुलीसारखे कोरडे, खाजणारे चट्टे) असलेल्या मुलाच्या आहारातून दूध किंवा शेंगदाणा दीर्घकाळ काढला, तर आधी तो विनातक्रार खाणारे मूलही नंतर त्याला तत्काळ प्रतिक्रिया देऊ शकते. म्हणून पाच आठवड्यांच्या खंडानंतर दूध, गहू आणि शेंगदाणा सुरू करण्यापूर्वी अंड्यासोबत त्यांचीही त्वचेवरची सुईचाचणी करून घ्यावी, असे मी सुचवीन. शेंगदाण्याविषयी आणखी एक: तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांवर लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा टाळलेल्या मुलांपैकी १७.२ टक्के मुलांना त्याची अ‍ॅलर्जी झाली, तर तान्हेपणापासून तो नियमित खाणाऱ्यांत हे प्रमाण ३.२ टक्के राहिले. तुमची मुलगी दाण्याचे कूट आधी निर्वेध खात होती. तो ठेवा उगाच घालवू नये.

राहता राहिली शी. खेळकर मूल, उत्तम भूक, शीत भाज्यांचे तुकडे आणि दिवसाला दोन खोकी फळांचा रस, हे वर्णन मी शेकडो वेळा ऐकले आहे. एक ते पाच वयोगटातील अनेक मुलांना हा त्रास होतो. रसातील फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल आतड्यात पुरते शोषले जात नाहीत, पाणी ओढून घेतात आणि शी पातळ होते. तुमच्या २३ पदार्थांबरोबर रसही गेला आणि चट्ट्यांवर मलमही सुरू झाले; श्रेय मात्र पथ्याला मिळाले. माझा संशय रसावर आहे. अर्थात संशयच, वजन घटले आहे, तेव्हा तपासण्या टाळू नका.

लेस्टरकर

इंग्लंडमध्ये माझ्या मुलीच्या वेळी आहारतज्ज्ञांनी ‘दुधाची शिडी’ दिली होती: आधी दूध घालून भाजलेले बिस्किट, मग मफिन, मग पॅनकेक, पुढे चीज, दही आणि शेवटी साधे दूध. जास्त वेळ भाजल्याने प्रथिनांची रचना बदलते, म्हणून तळाच्या पायऱ्या सोसायला सोप्या असतात. आम्हाला प्रत्येक पायरीवर काही दिवस थांबायला सांगितले होते. मात्र ही शिडी सौम्य आणि उशिरा उमटणाऱ्या वावड्यासाठी आहे. ओठ सुजणाऱ्या मुलांसाठी ती घरच्या घरी वापरू नये, असे कागदावर ठळक अक्षरांत लिहिले होते. तसेच दुधाऐवजी पाच वर्षांखालील मुलांना तांदळाचे पेय देऊ नये, कारण त्यात आर्सेनिकचे प्रमाण अधिक असू शकते, असेही आम्हाला इथे सांगण्यात आले.

पोळपाट (पुणे)

दूध सुरू होईपर्यंत कॅल्शियमची काळजी घ्या. एक ते तीन वर्षांच्या मुलांना रोज सुमारे ५०० मिलीग्रॅम लागते आणि १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम असते. मी मोड आणून केलेले नाचणी सत्त्व देत असे; मोड आल्याने ते शोषलेही बरे जाते. पण एवढेसे पोर नाचणी खाऊन खाऊन किती खाणार, तेव्हा तिला औषध लागेल का हे विचारून घ्या.

लेकुरवाळी (ठाणे)

दहा आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. रविवारचे अंडे अर्थातच दिले नाही.

बालरोगतज्ज्ञांनी अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे पाठवले. सुईचाचणीत अंड्याला मोठी गांधी उठली; दूध, गहू आणि शेंगदाण्याच्या जागी काहीही उठले नाही. ९० पदार्थांचा अहवाल त्यांनी पाहिला, घडी घालून मला परत दिला आणि त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात पोळी सुरू झाली. पहिल्या पोळीचा चतकोर सासूबाईंनी स्वतः भरवला आणि वहीतल्या ‘कुणी भरवले’ या रकान्यात स्वतःच्या हाताने ‘आजी’ असे लिहिले. सहा आठवडे रोज गहू खाल्ल्यावर टीटीजीची तपासणी केली; ती निर्दोष आली आणि एकूण आयजीएही पुरेसे निघाले. दही, दूध, तूर, केळे, टोमॅटो आणि शेंगदाणा तीन-तीन दिवसांच्या अंतराने परत आणले. कशानेही काही बिघडले नाही. वजन ११.७ किलो झाले आहे. चट्टे आहेत, पण क्रीम चुकले की वाढतात आणि लावले की बसतात. खाण्याशी त्यांचा काही संबंध वहीत दिसला नाही.

सगळ्यांत शेवटी डॉक्टरांना विचारून रस परत दिला. दोन दिवस काही झाले नाही आणि मला वाटले डॉक्टरकाका चुकले. तिसऱ्या दिवशी पाच वेळा आणि चौथ्या दिवशी सहा वेळा शी झाली, त्यात मटकी होतीच. रस थांबवल्यावर दोन दिवसांत पूर्ववत झाले. खात्री करावी म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा दिला, पुन्हा तेच झाले. पाळणाघरात आता तिला पाणी आणि फळाच्या फोडी मिळतात. त्या ताईंनी सगळ्याच मुलांचा रस बंद केला आहे, आणि त्यावर दोन पालकांनी तक्रारही केली आहे.

अंड्यासाठी पुढच्या महिन्यात रुग्णालयात अर्ध्या दिवसाची चाचणी ठरली आहे. त्या दिवसाची काही पूर्वतयारी करावी लागते का?

निवृत्त बालरोगतज्ज्ञ

रसाची दोनदा खातरजमा केलीत हे फार चांगले केलेत.

चाचणीआधी काही दिवस खाजेचे किंवा सर्दीचे अ‍ॅलर्जीरोधक सिरप बंद ठेवावे लागते, कारण ते पोटात असेल तर सुरुवातीची लक्षणे झाकली जातात. किती दिवस, ते तिथले डॉक्टर औषध पाहून सांगतील. ताप, खोकला किंवा छातीत घरघर असेल तर तारीख पुढे ढकला. अंड्याची मात्रा अगदी कणभरापासून टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि शेवटच्या घासानंतरही काही तास थांबवून ठेवतात, तेव्हा तिची आवडती खेळणी आणि बदलायचे कपडे न्या. अंडे कशात मिसळून देणार ते आधी विचारून घ्या. आमच्याकडे एका मुलाने केवळ चव न आवडल्यामुळे सगळे थुंकून टाकले होते आणि चाचणी दुसऱ्या दिवशी नव्याने करावी लागली होती.